पौंडाचे किलो

लग्नानंतर आमच्या घरात लागलेल्या पहिल्या कुकरलाच शेजाऱ्यांनी हरकत घेतली. बायको नवीन, कुकर नवीन, साखर कारखान्याच्या कॉलनीतली क्वार्टरही नुकतीच मिळालेली. घरात जुना असा मी एकटाच. दुसरी शिटी झाली आणि दारावर थाप पडली. दारात एक उंच, वाळका, पन्नाशीचा माणूस. अंगात कारखान्याचा खाकी शर्ट, आणि खिशाला पेन लावावं तशी टायरमधली हवा मोजायची नळी अडकवलेली.

"नमस्कार. मी पलीकडच्या क्वार्टरमधला. तुमची शिटी लवकर उठतेय. पंधरा पौंडाला उठायला पाहिजे, बारालाच उठतेय. भिंतीतून ऐकू येतं."

बायको म्हणाली, "अहो, आम्ही दोघंच आहोत. बारा पौंड डाळ कुठून लावू?"

त्यांच्या चेहऱ्यावर मनापासून दुःख उमटलं. मग उंबऱ्यातच उभं राहून त्यांनी तिला समजावलं, की हे पौंड म्हणजे एक चौरस इंच जागेवर पडणारा भार. त्याचे किलो किती, बार किती, पाऱ्याचे इंच किती हेही सांगितलं. सांगून होईपर्यंत डाळ खाली लागली होती. जाताना म्हणाले, "वास येतोय बघा. वजन बदलून घ्या."

ही गोष्ट मी आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली आहे, की मुलं आता डाळ लागल्यावर मला पुढचं बोलूच देत नाहीत. पण डाळ ही नुसती सुरुवात होती.

हे शेजारी, म्हणजे साहेब, आमच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होते. म्हणजे कारखान्यात जिथं जिथं काटा असेल तिथं तिथं ते असत. आणि आमच्या कारखान्यातले काटे म्हणजे एक भांडकुदळ कुटुंब होतं. जुन्या मिलची यंत्रं विलायती, त्यांच्यावर पौंड. मधल्या काळात आलेल्या बॉयलरवर किलो. नव्वदनंतर एक नवीन यंत्र आलं, त्याच्यावर बार. आणि साखर शिजवायच्या भांड्यांवर पाऱ्याचे इंच, कारण तिथं दाब नसतो, उलट हवा खेचून काढलेली असते. एकाच भिंतीवर चार जण चार भाषांत बोलतायत आणि मधे साहेब दुभाषे म्हणून उभे, असा तो कारभार होता.

कामगारांनी आपल्यापुरता सोपा हिशोब केला होता, चौदा पौंडांचा एक किलो. साहेबांना हा चौदा सहन होत नसे. "चौदा पॉइंट बावीस," ते म्हणत. "ते बावीस तुम्ही कुठं टाकून दिलेत?" कोणीतरी म्हणे, "साहेब, मळीत गेले." सगळे हसत. साहेब हसत नसत. बॉयलरवरच्या बोर्डावर जाऊन चौदाच्या पुढं खडूनं बावीस लिहून येत. पाळी बदलली की कोणीतरी ते पुसे. हे वर्षानुवर्षं चाललं होतं आणि दोन्ही बाजू दमत नव्हत्या.

पण कॉलनीत त्यांचं नाव पडलं ते वेगळ्याच सवयीमुळं. कोणीही नुसता आकडा उच्चारला, की ते विचारत, "काय?" कारखान्याच्या गेटवर पंक्चरचं दुकान होतं. तिथला चाचा स्कूटरमध्ये हवा भरून म्हणाला, "तीस हो गया."

"तीस काय?"

"हवा, साहेब. हवा."

"हवा आहे हे मला दिसतंय. तीस काय?"

चाचानं माझ्याकडं पाहिलं. मी आकाशाकडं पाहिलं. मी शेतकी खात्यात ऊसतोडीच्या चिठ्ठ्या काढणारा क्लार्क. दहावीत विज्ञानात पस्तीस मार्क, त्यातलेही काही सरांना माझी दया आली म्हणून मिळालेले. मी यात का पडू? शेवटी चाचा म्हणाला, "तीस रुपया समझो और जाव." तेव्हापासून त्यांना सगळे कायसाहेब म्हणायला लागले. त्यांच्या तोंडावरसुद्धा. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. विचारायला हवं ते विचारणारा माणूस, असा अर्थ त्यांनी आपला आपण लावून घेतला असावा.

ते एकटेच राहत. बायको-मुलं शिक्षणासाठी सांगलीला. त्यांना स्वतःला रक्तदाबाचा त्रास होता आणि त्याची त्यांना फारशी पर्वा नव्हती. कारखान्याच्या दवाखान्यातला कंपाउंडर एकदा म्हणाला, "साहेब, एकशे साठ आलंय. गोळी घ्या, जपा." साहेब म्हणाले, "एकशे साठ मिलिमीटर पारा. म्हणजे किलोत बघायला गेलं तर शून्य पॉइंट दोन. कुकरमध्ये एक किलो असतो. माझ्यात कुकरच्या जेमतेम एक पंचमांश. मी कशानं फुटेन?" कंपाउंडरनं ही गोष्ट महिनाभर सगळ्या पेशंटांना सांगितली. आता माझं स्वतःचं प्रेशर दीडशेच्या आसपास असतं, आणि डॉक्टरांच्या खोलीत मलाही मनातल्या मनात कुकर आठवतो. गोळी मात्र मी घेतो. बायको समोर उभी असते.

आता सासऱ्यांची ओळख करून द्यायला हवी. ते शेवगावकडचे, एसटीत वाहतूक नियंत्रक होऊन रिटायर झालेले. आयुष्य स्टँडवरच्या त्या छोट्या खोलीत, माईकसमोर आणि घड्याळाखाली गेलेलं. कुठली गाडी किती वाजता, कुठल्या फलाटाला, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत. त्यांना दमा होता. आवाज मात्र असा, की आमच्या ओट्यावरून हाक मारली तर कारखान्याच्या गेटवर कळे.

त्यांची आणि साहेबांची पहिल्या भेटीतच जुंपली. सासरे सांगत होते, त्यांच्या डेपोत टायरची हवा ड्रायव्हर लोक लाथ मारून तपासायचे. साहेब ऐकून पांढरे पडले.

"लाथेचं एकक काय?"

"एकक काय असायचंय? टन् वाजलं म्हंजी हवा हाय. बद् वाजलं म्हंजी न्हाई."

"आणि त्या गाडीत माणसं बसायची?"

"बसायची न्हाईत, उभी ऱ्हायची. लई गर्दी असायची."

साहेब उठून गेले. सासरे मला म्हणाले, "जावई, ह्यो माणूस आमच्या डेपोत असता ना, तर येक गाडी सुटली नसती. हवा मोजीत बसला असता." पुढं ते जेव्हा जेव्हा आमच्याकडं येत तेव्हा मुद्दाम साहेबांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणत, "पोरी, पाच दे गं." आणि भिंतीपलीकडून "पाच काय?" आलं, की खूश होत.

त्या हिवाळ्यात ते हुरडा खायला आले होते. गळीत हंगाम जोरात होता. चिमणीतून काजळी पडायची, वाळत घातलेल्या धोतरावर काळे ठिपके यायचे. वर शेतात हुरडा भाजायच्या आगटीचा धूर. चार कणसं खाईपर्यंत ठीक होते. दुसऱ्या दिवशी दुपारी श्वास अडकला. नेहमीचा पंप ओढला, उपयोग नाही. ओठ निळसर दिसायला लागले. त्या दिवशी त्यांचा तो आवाज घरातल्या घरातही ऐकू येईना, तेव्हा मी घाबरलो.

दवाखान्यातले डॉक्टर पुण्याला लग्नाला गेलेले. कंपाउंडर एकटा. त्यानं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला, आणि म्हणाला, "इथं न्हाई जमायचं. नगरला न्या. आत्ताच्या आत्ता." कारखान्याची जीप मिळाली. सिलिंडर सोबत न्यायचा होता. दवाखान्यात भरलेला असा तेवढा एकच.

मी विचारलं, "पुरेल ना?"

सिलिंडरवरचा आधीचा काटा बिघडला होता म्हणून दोनच दिवसांपूर्वी दुसरा बसवला होता. कंपाउंडरनं वाकून पाहिलं. "ह्याच्यावर पौंड दिलेत. साडेतीनशे पौंड." मग केसपेपरच्या मागच्या बाजूला त्यानं भागाकार मांडला. मी बघत होतो. दवाखान्यात जन्मलेल्या बाळांची वजनं तो तशीच काढायचा, जुन्या काट्यावर पौंडात मोजून दोन पॉइंट दोननं भागायचं की झाले किलो. "एकशे साठ किलो. आणि भरलेला सिलिंडर असतो दीडशेचा. गच्च हाय. नगर काय, पुण्यापर्यंत जाल. ह्या काचेच्या नळीतली गोळी चारवर ठेवा, सहा तास बघायला नको."

त्याच्या हिशोबात मला काही खोट दिसली नाही. किलो पौंडापेक्षा मोठा हे मला माहीत होतं, आणि माझं ज्ञान तिथंच संपत होतं.

जीप क्वार्टरसमोर आली तेव्हा बायकोनं पिशवी भरता भरता साहेबांचं दार वाजवलं. मला ते नको होतं. रस्ताभर व्याख्यान ऐकायची माझी तयारी नव्हती. पण ती म्हणाली, "सिलिंडर धरायला कोणीतरी पाहिजे. तुम्ही दादांना धरा, मी डोकं धरते." साहेब बनियनवरच आले, शर्ट जीपमध्ये घातला. सासरे मागच्या लांब बाकावर, डोकं बायकोच्या मांडीवर. समोर मी. साहेब दोन बाकांच्या मधे खाली बसले आणि घोंगडीत गुंडाळलेला सिलिंडर मुलाला धरावं तसा दोन्ही हातांनी धरला.

"किती आहे?" त्यांनी मला विचारलं.

"एकशे साठ किलो."

"शाब्बास," ते म्हणाले. मी पहिल्यांदाच एकक लावून आकडा सांगितला होता.

नेवासा फाटा मागं पडला. हायवेला उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, आणि आज गर्दी जरा जास्तच. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, शनी अमावस्या हाय आज. घोडेगावला फाट्यावर लई जाम असंल. लोकं शिंगणापूरला चाललीत."

त्याच सुमाराला साहेबांनी घोंगडी बाजूला केली. विश्वास नव्हता असं नाही. काटा जवळ असताना तो न बघता बसणं त्यांना शक्य नव्हतं, एवढंच. ते वाकले. अंगठ्यानं काच पुसली. परत वाकले. मग माझ्याकडं पाहिलं.

"एकशे साठ किलो कुठून आणलेत?" एकदम हळू आवाजात.

"कंपाउंडरनं काढले. साडेतीनशे पौंड होते. त्यानं दोन पॉइंट दोननं भागलं."

त्यांचे ओठ हलत होते. चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलं. मी त्यांना बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हखाली उभं राहून शांतपणे डबा खाताना पाहिलं होतं. त्याच माणसानं आता सिलिंडर छातीशी आवळून धरला. त्यांनी माझा हात ओढला आणि माझ्या तळहातावर बोटानं लिहिलं. साडेतीनशे. खाली चौदा पॉइंट बावीस. उत्तर त्यांनी माझ्या कानात सांगितलं.

"पंचवीस किलो. पंचवीससुद्धा पूर्ण नाही. दोन पॉइंट दोन हे बटाट्याचे झाले. हे चौरस इंचावरचे पौंड आहेत, चौरस सेंटिमीटरवर न्यायचे तर चौदा पॉइंट बावीसनं भागायला पाहिजे."

"म्हणजे?"

"दीडशे किलोला सहा तास. पंचवीस किलोला एक. त्यातला पाव तास गेला. आता तीनशे पौंडाच्या खाली आलाय."

नगर नेहमीच्या रस्त्यानं अजून तासभर लांब होतं. आणि मधे घोडेगावचा फाटा होता. मी मागं वळून पाहिलं. परत फिरावं तर दवाखान्यात दुसरा सिलिंडर नव्हता. वाटेतल्या गावांत डॉक्टर होते, पण ऑक्सिजन कोणाकडं असेल? बायको आमच्याकडं बघत होती. तिचा हात वडिलांच्या कपाळावरून फिरत होता तो तिथंच थांबला.

आणि सासऱ्यांनी डोळे उघडले. तोंडावरचा मास्क थोडा बाजूला केला. एकेक शब्द वेचून आणल्यासारखे म्हणाले, "किती... हाय?"

मला वाटलं, आता साहेब सांगणार. दशांश चिन्हासकट सगळं सांगणार, कारण त्यांना दुसरं येतच नव्हतं. मी त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावला. त्याची गरज नव्हती.

साहेब म्हणाले, "तीनशे."

सासरे त्यांच्याकडं बघत राहिले. जीप खड्ड्यातून गेली, आम्ही सगळे आदळलो, तरी नजर हलली नाही. मग ते म्हणाले, "तीनशे... काय?"

"तीनशे," साहेब म्हणाले. "पुष्कळ आहे."

मी साहेबांच्या तोंडून नुसता आकडा त्याआधी कधी ऐकला नव्हता आणि त्यानंतरही कधी ऐकला नाही. मला वाटलं, झालं, निभावलं. बायकोनंही सुस्कारा सोडला. पण सासरे तीस वर्षं खिडकीमागं बसून ड्रायव्हरांच्या थापा ऐकलेले गृहस्थ. गाडी कुठं बंद पडली हे ते ड्रायव्हरच्या चेहऱ्यावरून ओळखत. त्यांनी साहेबांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले. आम्हाला वाटलं, समाधान झालं.

थोड्या वेळानं त्यांनी परत मास्क सरकवला. "जावई. डिझेल कमी... आसलं... तर डायवर काय करतो?"

पुढून ड्रायव्हरनं उत्तर दिलं, "पाय हलका ठेवतो, मामा."

"मग... माझा पाय... हलका करा."

आणि त्यांनी स्वतःच हात लांबवून त्या काचेच्या नळीकडं बोट केलं, जिच्यात ती गोळी चारवर नाचत होती. बायको रडायला लागली. "दादा, नको. तुम्हाला कमी पडेल."

"पोरी. बंद पडन्यापरीस... हळू बरी."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं नाही, तिच्याकडंही पाहिलं नाही. सासऱ्यांकडं पाहिलं. सासऱ्यांनी मान हलवली. मग साहेबांनी चावी फिरवली आणि गोळी दोनवर आणली. त्यांच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. तिच्यात कुकरच्या एक पंचमांशाहून जास्त असावं असं मला वाटलं.

दोनवर सासऱ्यांना भागत नव्हतं. छाती वर जायची आणि तिथंच राहायची, मग खाली यायची. प्रत्येक वेळी ती खाली येईपर्यंत आम्ही तिघंही श्वास धरून. बायको म्हणत होती, "हळू घ्या दादा, हळू घ्या." पुढून ड्रायव्हर म्हणाला, "आलं घोडेगाव," आणि जीप थांबली.

समोर रस्ता नव्हताच. ट्रक, ट्रॅक्टर, एसट्या, ट्रॅव्हल्सच्या गाड्या, आणि त्यांच्या मधून अनवाणी माणसं, हातात तेलाच्या बाटल्या, रुईच्या पानांच्या माळा. ड्रायव्हरनं हॉर्न दाबला. हजार हॉर्नांत तो गेला. मागं ट्रक लागला, आता फिरायचीही सोय नाही. काटा दीडशेवर.

साहेबांनी सिलिंडर माझ्या हातात दिला. "हलू देऊ नका. शंभर पौंडाच्या खाली आला की हाक मारा." आणि ते उतरले.

हा माणूस कॉलनीच्या गणपतीत आरतीलासुद्धा मोठ्यानं म्हणत नसे. तो जीपच्या पुढं गेला, शर्टाची बटणं खालीवर लागलेली, आणि तळहातानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर थापा मारायला लागला. "सरका. आत माणूस आहे. सरका. प्रेशर कमी आहे." कुणाला काय कळलं देव जाणे. एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "बीपी लो झालंय बाई त्यांचं, बघ कसे पांढरेफटक पडलेत." तिनं साहेबांच्या हाताला धरलं आणि आपल्या माणसांना ओरडली, "ए, सरा की बाजूला, मानूस पडंल हितं." दोघं पोरं पुढं झाली. त्यांनी एका ट्रकवाल्याला शिव्या देऊन मागं घ्यायला लावलं. म्हातारी साहेबांना सोडेना, "बसा हो दादा, पानी प्या," आणि साहेब तिला ओढत ओढत चालतायत, मागून आमची जीप एकेक हात सरकतेय. मी हसलो असेन का त्या वेळी? आता सांगताना हसतो. तेव्हा मी फक्त काट्याकडं बघत होतो आणि तो शंभरला टेकला, तेव्हा मी मारलेली हाक हॉर्नांत कुठल्या कुठं गेली.

फाटा ओलांडल्यावर ते धावत येऊन जीपमध्ये चढले. छातीचा भाता झालेला. आता जीपमध्ये दोन माणसं श्वासासाठी तोंड उघडून होती. सासऱ्यांनी त्यांच्याकडं बघितलं आणि मास्क पुढं केला, म्हणजे, घेता का थोडा. साहेबांनी मान हलवली.

इमामपूरच्या घाटात सासऱ्यांची शुद्ध हरपल्यासारखी झाली. डोळे वर गेले. बायको किंचाळली नाही, साहेबांकडं बघून नुसतं "काका" म्हणाली. साहेबांनी गोळी परत चारवर नेली. काटा उतरताना डोळ्यांना दिसत होता. घाट चढून वर येईपर्यंत गोळी तिथंच ठेवली, मग परत दोनवर. दोन्हींच्या मधे, म्हणजे आत्ता लागणारा आणि पुढं लागणारा श्वास यांच्या मधे, ते चावी फिरवत होते. कुणाला विचारावं असं कुणी नव्हतं. जेऊर मागं गेलं. आणि शेंडीच्या अलीकडं काटा शून्यावर येऊन पडला. गोळी नळीच्या तळाला बसली.

"संपलं?" मी विचारलं.

"काटा शून्यावर आहे म्हणजे आत काही नाही असं नव्हे," साहेब म्हणाले. आवाज सपाट. "बाहेर जेवढा दाब आहे तेवढाच आत आहे. फक्त आता त्याला बाहेर यायचं काही कारण उरलं नाही."

त्या क्षणी मला त्यांचा गळा दाबावासा वाटला. मग लक्षात आलं, त्यांना बोलत राहायला हवं होतं. थांबले असते तर रडले असते. त्यांनी मास्क काढला, जीपच्या मागचं कापड बांधून वर घेतलं, सासऱ्यांना मागून दोन्ही काखांत हात घालून उठवून बसवलं, पाठ स्वतःच्या छातीला टेकवली. "झोपवू नका. बसू दे. वारा येऊ दे." आणि मग, जणू कॉलनीच्या ओट्यावर बसलोय अशा आवाजात, त्यांच्या कानाशी म्हणाले, "नगरला पहिली गाडी किती वाजता?"

सासऱ्यांचे ओठ हलले. "पाच... तीस."

"कुठल्या फलाटाला?"

"दोन."

"त्याच्यानंतर?"

असं विचारत विचारत त्यांनी त्यांना नगरपर्यंत नेलं. पाथर्डी, नेवासा, श्रीरामपूर, सगळ्या गाड्या सुटल्या. मधेच उत्तर यायचं थांबे. साहेब थांबत, मग परत विचारत, आणि कुठून तरी खोलातून उत्तर येई. दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आलं तेव्हा ते संगमनेरच्या गाडीवर होते.

आत नेल्यावर आम्ही बाहेर बाकावर बसलो. डॉक्टर आले, म्हणाले, "लागलाय ऑक्सिजन. थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं." बायको भिंतीला टेकली. साहेब उठले, बाहेर गेले, आणि पायरीच्या बाजूला भडाभडा ओकले. मी पाणी दिलं. त्यांनी चूळ भरली. "त्या कंपाउंडरला रागावू नका," ते म्हणाले. "उद्या मी त्याला समजावतो." मला कंपाउंडरची दया आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे उशांना टेकून बसले होते. नाकात नळी, चेहरा सुकलेला, पण ओठांना रंग आला होता. रात्री जीपबरोबर परत गेलेले साहेब पहिल्या एसटीनं आले. कारखान्यातून रजा काढून. पलंगाशी उभे राहिले, हात कुठं ठेवावेत ते न कळल्यासारखे.

"बसा," सासरे म्हणाले. आवाज बारीक होता. बायको चहा ओतत होती. सासरे म्हणाले, "काल खोटं बोलला तुमी."

साहेबांनी मान खाली घातली. "हो."

"येत न्हाई तुमाला. पुन्हा बोलू नका."

"नाही बोलणार."

"मग सांगा आता. तीनशे काय हुतं?"

साहेबांनी बायकोकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी खांदे उडवले. ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि घसा साफ केला. "तीनशे नव्हते. निघताना साडेतीनशे होते. साडेतीनशे पौंड, प्रति चौरस इंच. किलोत म्हणाल तर चोवीस पॉइंट सहा, प्रति चौरस सेंटिमीटर. बारमध्ये चोवीस पॉइंट एक."

"हां," सासरे म्हणाले.

"पाऱ्यात मोजलं तर अठरा मीटर. म्हणजे समजा पाऱ्याचा असा एक खांब उभा केला, या इमारतीपेक्षा उंच, तर त्याच्या तळाशी जेवढा भार पडेल, तेवढा त्या सिलिंडरच्या आत होता."

"येवढा?"

"एवढा. आपल्याला कमी वाटला, पण तसा कमी नव्हता."

सासऱ्यांनी डोळे मिटले. छाती वर गेली, खाली आली. परत वर गेली, खाली आली, कुठंही न अडखळता. साहेब इंचांवर आले, मग वातावरणाच्या दाबावर. बायकोनं चहाचा कप त्यांच्यासमोर धरला आणि हळूच म्हणाली, "काका, झोपले ते."

साहेबांनी बघितलं. आवाज अगदी खाली आणला, खुर्ची पलंगाच्या आणखी जवळ ओढली, आणि पास्कलकडं वळले.